पंख्यावर तपासलेला माईक

माईक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी खोकं वाचतं. पुढून वाचतं, मागून वाचतं, बारीक अक्षरं दिसली नाहीत तर चष्मा पुसून वाचतं. मग खिशातून मोबाइल काढून त्याच माईकचा व्हिडिओ मलाच दाखवतं आणि एवढं सगळं झाल्यावर विचारतं, "चांगला आहे ना?" मी म्हणतो, "बोलून बघा की." तर लाजतं. सांगलीत आवाज टिपायची यंत्रं मी विकतो, भाड्यानं देतो आणि दुरुस्तही करतो. केस त्यातच पांढरे झाले, पण दुकानात उभं राहून माईकवर मोकळेपणानं चार वाक्यं बोलणारी माणसं मला फार थोडी भेटली. म्हैस घेताना धार काढून बघणारा माणूस माईक घेताना मात्र नुसत्या खोक्यावर भरवसा ठेवतो.

माझं दुकान मार्केट यार्डाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हळदीचा हंगाम सुरू झाला की रस्ता पिवळा, काउंटर पिवळा आणि दुरुस्तीला आलेला माईक उघडला तर आतली जाळीही पिवळी. एक अडत्या असाच एक माईक परत घेऊन आला. सौद्याच्या वेळी त्याला तो लागायचा. खोक्यावरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "इथं काय लिहिलंय? धूळ आत जात नाही." मी जाळी काढून त्याच्या तळहातावर झटकली. "शेठ, धूळ गेलीच नाही. हळद गेलीय." तो हसला आणि दुसरा माईक घेऊन गेला. त्याच्याही खोक्यावर तेच लिहिलेलं होतं.

खोक्यावरचं बहुतेक सगळं खरं असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्या धंद्यात सरळ खोटं बोलणारा टिकत नाही. टिकतो तो अर्धं खरं सांगणारा. एखादा माईक अगदी खालच्या आवाजापासून अगदी वरच्या आवाजापर्यंत सगळं टिपतो असं आकडे देऊन लिहिलेलं असतं. टिपतोही. पण कसं टिपतो, मधला आवाज फुगवतो की दाबतो, हे कुणी लिहीत नाही. एसटी सांगलीहून साताऱ्याला जाते हे जितकं खरं, तितकंच ते खरं. वाटेत किती हाडं खिळखिळी झाली ते तिकिटावर छापत नाहीत. 'स्टुडिओचा दर्जा' हे असंच एक. कुठला स्टुडिओ, ते विचारायचं नाही.

कुस्तीच्या मैदानांवर निवेदन करणारे एक गृहस्थ माझे जुने गिऱ्हाईक. तोंडात सगळ्या तालमींच्या वंशावळी आणि आवाज असा, की माईक नसता तरी निम्म्या मैदानाला ऐकू गेला असता. त्यांनी बिनतारी माईक घेतला. दोनशे मीटरवरून चालतो, असं त्यावर लिहिलेलं. सकाळी रिकाम्या मैदानात त्यांनी या टोकाकडून त्या टोकापर्यंत चालत जाऊन बघितलं. एकदम चोख. दुपारी माणसांनी मैदान फुलून गेलं, मोठी जोड लागली आणि नेमका त्याच वेळी माईक तुटक तुटक बोलायला लागला. दुसऱ्या दिवशी ते तणतणत दुकानात आले.

"सकाळी जिवंत होता आणि दुपारी मेला. हे काय गौडबंगाल?"

मी समजावलं की या माईकच्या लहरी पाण्यात अडकतात आणि माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. मध्ये एवढी गर्दी उभी राहिली म्हणजे पाण्याची भिंतच उभी राहिली. कंपनीनं मापलं असेल ते मोकळ्या माळावर.

ते म्हणाले, "म्हणजे माणसं आली की बंद पडतो? मग बिनमाणसांच्या मैदानात मी काय मातीला निकाल सांगू व्हय?"

खोक्यापाठोपाठ आता व्हिडिओ आले. हे व्हिडिओ करणाऱ्यांतला एक माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याला मी इथं ओंकार म्हणतो. राहणार साताऱ्याचा, पोरगा गुणी, बोलायला गोड. वायरी आणि सुटे भाग न्यायला महिन्यातून एकदा माझ्याकडं येतो आणि चहा पिता पिता त्याच्या धंद्यातल्या गमती सांगतो. कंपनी माईक फुकट पाठवते. वर फोन करून सांगते की या चार गोष्टी नक्की बोला, बाकी तुमचं मत तुम्हाला मोकळं. आता ज्याच्या घरचं जेवलो त्याच्या आमटीत मीठ कमी होतं, हे जेवणारा कधी सांगतो का? तो सांगतो, "आमटी जरा सौम्य आहे, पण काहींना तशीच आवडते." ओंकारच्या व्हिडिओत शेवटी एक-दोन उणिवा असतातच. पिशवीची चेन थोडी घट्ट आहे, रंग एकच मिळतो, असल्या. लोकांना वाटतं, वा, किती निःपक्षपाती माणूस आहे.

त्याचा सगळ्यात चाललेला व्हिडिओ होता कॉलरला लावायच्या एका छोट्या बिनतारी माईकचा. नको असलेला आवाज हा माईक स्वतःच ओळखून काढून टाकतो, अशी त्याची ख्याती. ओंकारनं स्वतःच्या खोलीत टेबलफॅन तोंडासमोर लावला. पंख्याचा घोंघाट ऐकवला. बोलता बोलता माईकचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि पंखा गायब. फिरताना दिसतोय, ऐकू येत नाही. ओंकारचा आवाज मात्र स्वच्छ. तो म्हणाला, "मंडळी, जादू बघितली? आता शेतात, जत्रेत, वाऱ्यात, कुठंही रेकॉर्डिंग करा." मीही बघितला तो व्हिडिओ. मला ते 'कुठंही' खटकलं, पण पंखा खरंच बंद झाला होता. माझ्या दुकानातूनही ते माईक भराभर गेले.

ही युक्ती कशी चालते ते सांगतो, कारण पुढची गोष्ट तिच्यावर आहे. त्या माईकच्या आत एक मेंदू बसवलेला असतो. त्याला एवढंच शिकवलेलं असतं की माणूस बोलतो तेव्हा आवाज तुटतो, थांबतो, चढतो, उतरतो. तसा असेल तो ठेवायचा. एकसारखा लांबत जाणारा आवाज म्हणजे पंखा, इंजिन, वारा. तो कापायचा. बोलण्यासाठी ही फार उत्तम सोय आहे. ज्याला बोलायचं नाही, गायचं आहे, त्याचा विचार शिकवणाऱ्यानं केलेला नसतो.

नामदेव दुकानात आला तो भर दुपारी. मिरजेहून रिक्षा करून आला होता. वडूजच्या पलीकडचा, फौजेत हवालदार, सुट्टीवर आलेला. ताठ उभा राहून त्यानं मोबाइल काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "काका, ह्यातला आवाज परत घाला."

मला काही कळेना. मग त्यानं बसून सगळं सांगितलं. त्याचे वडील सिदा तात्या धनगरी ओव्यांचे गायक. त्यांच्या घराण्यात देव डोंगरावरून गावात कसा आला त्याची एक लांबलचक ओवी आहे आणि ती सबंध फक्त तात्यांनाच येते. तात्यांच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज पुन्हा येणार नाही. हे कळल्यावर नामदेव रजा टाकून आला. येण्याआधी चौकीवर बसून त्यानं ओंकारचा व्हिडिओ दोनदा बघितला होता. माईक मागवला, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात देवळापुढच्या पटांगणात सगळी मंडळी बसवली आणि तात्यांच्या पैरणीला माईक लावून अख्खी ओवी टिपून घेतली.

"आमच्याकडं वारं लय. पवनचक्क्याच हायत डोंगरावर. म्हणून ती हिरवी बत्ती फुल केली," तो म्हणाला. "आदी तात्यास्नी नाव सांगायला लावलं, ऐकून चेक केलं. एकदम ओके हुतं."

ऑपरेशन झालं. तात्या दवाखान्यात झोपलेले असताना नामदेवनं बाहेर बाकावर बसून पहिल्यांदा ते सगळं कानाला लावून ऐकलं. आणि तिथूनच तो माझ्याकडं आला होता.

मी हेडफोन लावला. धनगरी ओवी ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुख्य गायक कानावर हात ठेवून ओळ टाकतो. मागं बसलेले साथीदार तिचा शेवट उचलून लांबवत नेतात, त्याला झील म्हणतात. ढोल असतो, झांज असते. मध्येच गाणं थांबवून गायक पुढची कथा साध्या बोलण्यात सांगतो आणि पुन्हा गाण्यावर येतो.

त्या मोबाइलमध्ये बोलण्यातली कथा आरशासारखी स्वच्छ होती. वाऱ्याचा कण नाही. तात्या समोर बसून सांगताहेत असं वाटावं. मग गाणं सुरू झालं आणि आवाजाला कुणीतरी कात्री लावली. प्रत्येक शब्दाचं तोंड ऐकू यायचं आणि तात्यांनी सूर लांबवला रे लांबवला की तो गळून पडायचा. ढोलाची नुसती टकटक. आणि झील जिथं असायला हवी तिथं काहीच नाही. पाच-सहा माणसं जीव तोडून सूर धरताहेत आणि यंत्रानं त्यांना पंखा समजून बाहेर काढलंय. या धंद्यात मी खराब ध्वनिमुद्रणं ढिगानं ऐकली आहेत. पण त्या दिवशी हेडफोन काढताना मला नामदेवच्या तोंडाकडं बघवेना.

"मूळ आवाज माईकमध्ये वेगळा राहतो का, ते बघतो," मी म्हणालो. काही महागड्या माईकांत तशी सोय असते. यात नव्हती. चाळलेल्या पिठाचा कोंडा गुरांना घातला तर तो भाकरीत परत येत नाही, हे मी त्याला जमेल तेवढ्या मऊपणानं सांगितलं.

"पण त्या पोरानं दावलं हुतं की," नामदेव म्हणाला. "पंखा बंद झालेला. म्या डोळ्यानं बघितलं."

ते खरंच होतं.

संध्याकाळी मी ओंकारला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "काका, मी खोटं काहीच बोललो नाही हो." मी म्हणालो, "नाही बोललास." आठ-दहा दिवसांनी त्यानं एक नवा व्हिडिओ टाकला. त्यात तोच माईक लावून बासरी वाजवून दाखवली, हिरवा दिवा लावला की बासरी कशी मरते ते ऐकवलं आणि सांगितलं की गाण्याला हा माईक घेऊ नका. तो व्हिडिओ फारसा कुणी बघितला नाही. कंपनीनं त्याला माल पाठवायचं बंद केलं. पंख्याचा व्हिडिओ अजून जोरात चालतो. तो काढून टाक, असं मी सांगितलं नाही आणि त्यानंही काढला नाही. त्याचं घर त्या व्हिडिओवर चालतं. मला त्याचा राग येत नाही. पण आता तो आला की चहा पूर्वीसारखा रंगत नाही, एवढं खरं.

दोनेक महिने गेले. नामदेवचा फोन आला, की त्याचा चुलता म्हादू, जो झीलकऱ्यांचा पुढारी, त्यानं एक गोष्ट सुचवलीय. ओवी आम्हाला येत नाही, पण झील तर आमचीच आहे. तात्यांचा तुटका आवाज लावा, आम्ही त्यावर झील धरतो, तुम्ही टिपून घ्या. जिथं तात्यांचा सूर गळालाय तिथं तो आम्ही उचलू.

कल्पना माझ्या मनाला पटली. माझे जुने दोन वायरचे माईक, रेकॉर्डर आणि एक स्पीकर घेऊन मी सकाळच्या गाडीनं वडूजला गेलो. तिथून नामदेवनं जीपनं गावात नेलं. देवळाच्या आत ओवरीत बैठक मांडली, कारण बाहेर वारा होताच. घोंगड्या अंथरल्या. स्पीकर मधोमध एका पाटावर ठेवला, समोर झीलकरी, ढोल बाजूला. आल्या आल्या त्यांनी माझ्या माईकांनाही भंडारा लावायला घेतला होता. मी हात जोडून माईकच्या स्टँडला लावा म्हणालो. हळदीशी माझी जुनी ओळख आहे.

तात्या भिंतीला टेकून बसले होते. वाळलेले, पण ताठ. गळ्याभोवती पांढरा रुमाल. त्याखाली श्वासाला ठेवलेलं छिद्र. त्यांनी मला हातानंच रामराम केला.

मी स्पीकर सुरू केला. तात्यांचा ऑपरेशनआधीचा आवाज ओवरीत घुमला, पहिली ओळ पडली, सूर तुटला आणि झील उठलीच नाही. पुन्हा लावलं. एकानं आधी उचलली, दुसऱ्यानं मागून. तिसऱ्यांदा त्याहून वाईट. मला वाटलं, आवाज कमी पडत असेल. मी वाढवला. म्हादूनं हात वर केला.

"आवं सायेब, आवाजाचं काय न्हाई," तो म्हणाला. "झील कानानं धरत न्हाईत. म्होरच्याचं तोंड बघून धरत्यात. त्यो छाती भरतो, खांदं उचलतो, तवा आमाला कळतं किती लांब जायचं ते. ह्या डब्याला तोंड कुटं हाय?"

इतका साधा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मी यंत्र आवरायच्या विचारात होतो.

तेवढ्यात तात्या उठले. भिंतीला धरून उठले, नामदेव पुढं झाला तर त्याला त्यांनी हातानं बाजूला सारलं. स्पीकरच्या अगदी पुढ्यात येऊन, झीलकऱ्यांकडं तोंड करून ते मांडी घालून बसले. डावा हात कानावर ठेवला आणि उजव्या हातानं मला खूण केली, की लाव.

मी लावलं. तात्यांनी खांदे उचलले, तोंड उघडलं आणि त्यांच्या पाठीमागून त्यांचाच आवाज आला. ओठ अक्षरा-अक्षराला जुळत होते. सूर जिथं गळायचा तिथं त्यांचं तोंड तसंच उघडं राहायचं, छाती हळूहळू खाली यायची आणि तेवढा वेळ झील चालायची. नेमकी तेवढाच वेळ. ते तोंड मिटायचे, झील मिटायची. ढोलवाल्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. कथेचा भाग आला की तात्या हातवारे करून सांगू लागायचे आणि म्हादू सवयीनं "व्हय जी" म्हणून हुंकार द्यायचा. मी डोक्याला हेडफोन लावून खाली बघत बसलो होतो. वर बघितलं असतं तर काम झालं नसतं.

ओवी संपेस्तोवर उन्हं कलली. म्हादूनं तात्यांच्या पायावर डोकं ठेवलं. तात्यांनी कपाळाला भंडारा लावला आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

सांगलीला परत येऊन मी ते ध्वनिमुद्रण नीट लावलं. जुन्या तुटक्या आवाजाचे कंगोरे जमतील तेवढे गुळगुळीत केले. जिथं जमलं नाही तिथं तसेच ठेवले. नामदेवची वाढवून घेतलेली रजा संपायच्या आदल्या दिवशी तो न्यायला आला. मी त्याला मागच्या खोलीत बसवलं, हेडफोन दिला आणि बाहेर काउंटरवर गेलो. त्याचं ऐकून होईपर्यंत मी गिऱ्हाइकं करत राहिलो.

मध्येच त्यानं हाक मारली. हेडफोन एका कानावरून सरकवलेला होता.

"काका, झ्याक झालंय. फकस्त ह्ये काय वाजतंय मधी मधी? दर ओळीच्या आदी. सूऽ करून. सायकलच्या नळीतनं हवा गेल्यासारखं."

मलाही तो आवाज पहिल्यांदा कळला नव्हता. देवळात असताना वाटलं होतं, स्पीकरची वायर सैल आहे. घरी आल्यावर लक्षात आलं.

"तात्या श्वास घेतात तो," मी म्हणालो. "ओळ उचलायच्या आधी. आता गळ्यातून घेतात ना, म्हणून तसा येतो." मग धंद्याच्या सवयीनं पुढं बोलून गेलो, "एका बटणात जाईल. काढू?"

नामदेवनं हेडफोन पुन्हा दोन्ही कानांवर घेतला. मी थोडं मागं घेऊन तीच ओळ लावली. तो श्वास आला, मग ओळ, मग झील. त्यानं बोटानं खूण केली, मी पुन्हा लावली. बराच वेळ तो मान खाली घालून ऐकत होता.

"नगा काढू," तो म्हणाला. "त्यांचं बाकी समदं मागचं हाय. आताचं तात्या तेवढंच हायत त्यात."